घशातून घेतलेला नमुना

१३ ऑगस्ट २०२१, शुक्रवार

अक्काचे नाक मोडले आहे.

आज पंचमी. घरात काही चिरायचे नाही, तवा चढवायचा नाही, विळी झाकून ठेवायची — नागाला इजा होऊ नये म्हणून! आईने पहाटे उठून पुरणाची दिंडे उकडली. अक्का सकाळच्या एसटीने सिल्लोडहून आली. तोंडावर मास्क, मास्कवर पदर. आई आधी म्हणाली, "हातपाय धू, मग बस." अक्का मोरीत गेली. बाहेर आली तेव्हा मास्क हातात होता.

दोन्ही डोळ्यांखाली काळेनिळे. नाकाचे हाड डावीकडे सरकलेले. नाकपुड्यांत वाळलेले रक्त.

"वजन फेकलं. तराजूचं, दोन किलोचं. मला वाकाया उशीर झाला."

उशीर झाला — हा स्वतःचाच दोष असल्यासारखे सांगितले तिने. कशावरून फेकले, असे मी विचारले. म्हणाली, "त्येच आठवत नाय गं तनू."

अण्णा तिसऱ्या पाळीहून आले होते. वाळूजच्या बसमधून उतरल्यावर त्यांचे डोळे तसेही कशावर ठरत नाहीत. त्यांनी अक्काकडे एकदा पाहिले आणि चपला काढता काढता म्हणाले, "राखीपतुर ऱ्हा. सूज उतरंल. मग येतील जावईबापू न्यायला."

पंचमीला बहिणी भावासाठी उपास धरतात. आम्हांला भाऊ नाही. तरी अक्काने धरला. कोणासाठी, ते विचारले नाही.


१४ ऑगस्ट

ती तोंडाने श्वास घेते. भिंतीकडे तोंड करून झोपली तरी ऐकू येतो. मागच्या दिवाळीत पोटावर लाथ बसली, चौथा महिना होता, सगळे वाहून गेले. तेव्हा अण्णा म्हणाले होते, "संसारात व्हतं असं." लग्न जमवणारे कडूबामामा म्हणाले होते, "गोकुळ तापट हाय, पर मनानं निर्मळ." निर्मळ! पुढच्या वेळी वजन पाच किलोचे असेल.

आज प्रथमच एका माणसाच्या मरणाची इच्छा मी पूर्ण वाक्यात केली. कर्ता, कर्म, क्रियापद. लाज वाटली नाही.


१५ ऑगस्ट, रविवार

बीदरच्या रत्नमाला मावशीला फोन केला. ती आईची मावसबहीण, तिथे शिवणवर्ग चालवते. बोलायला तोंड उघडेना, म्हणून सगळे आधी वहीत लिहिले आणि वाचून दाखवले. तिने मध्येच तोडले — "भाषण नको करूस पोरी. आणून सोड तिला माझ्याकडं. दोन मशिनी रिकाम्या पडल्यात."

सिल्लोडच्या माणसांना बीदर कोणत्या दिशेला आहे हेही ठाऊक नसेल. पुणे, नाशिक, मुंबई सगळीकडे त्यांचे कोणी ना कोणी निघते. बीदरला कोणी नाही. दुपारची हैदराबादची गाडी परभणी, उदगीर, भालकीवरून थेट तिथे जाते.

अडचण एकच. महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरायचे तर आरटीपीसीआर चाचणी निगेटिव्ह हवी, आणि नमुना दिल्यापासून बहात्तर तासांच्या आतली. लस घेतली असली तरीही. मावशी म्हणाली, स्थानकावर माणसे उभी असतात, रिपोर्ट नसला तर बाजूला बसवतात आणि घरी फोन लावतात.

घरी फोन! म्हणजे संपलेच.

दाजींचा निरोप आला आहे — रविवारी राखीला येतो, संध्याकाळी घेऊन जातो. म्हणजे आम्ही शनिवारच्या गाडीत असलेच पाहिजे. नमुना बुधवारी दिला तर बीदरला पोचेपर्यंत शिळा. शुक्रवारी दिला तर रिपोर्ट गाडी गेल्यावर. गुरुवार सकाळ! दुसरा दिवसच नाही.

विद्यापीठात पहिली आल्याचा आजवर काही उपयोग झाला नव्हता.


१६ ऑगस्ट

अक्काला सांगितले. ती हसली. हसताना नाक दुखले म्हणून थांबली.

"मी कुठं गेलेय का कधी एकटी? आठवडी बाजाराला बी सासू संगं असती."

"एकटी कुठे? मी येते ना."

"तू?" पुन्हा हसली. "तुला दुकानात मीठ मागाया लावलं तर दोनदा परत येतीस, दुकानदाराला ऐकू नाय गेलं म्हणून!"

हे खरे आहे.


१७ ऑगस्ट

दाजींचा फोन. अक्काने आवाज मोठा ठेवला होता, कारण डाव्या कानाने तिला आता कमी ऐकू येते. मला सगळे ऐकू आले.

"नाकाचं काय सांगितलंस तिथं?"

"काय नाय."

"शाबास. तुझ्या बहिणीला मागं लई पुस्तकं सुचत होती. तिला सांग, जास्त शानपत केली तर तिचं बी थोबाड असंच करीन."

अक्का फोनवर मान हलवत "व्हय, व्हय" करत होती. त्याला दिसत नाही, तरी मान हलवत होती.


१९ ऑगस्ट, गुरुवार

लिहायला हात चालत नाही. तरी क्रमाने लिहिते.

पालिकेचे तपासणी केंद्र क्रांती चौकाच्या पुढच्या एका शाळेत होते. आईला सांगितले, अक्काचे नाक दाखवायला नेते. रांग मोठी. बहुतेक दुकानदार, काही कारखान्याची मुले. मागून एकजण — "ओ ताई, सरका की पुढं, इथं काय हळदीकुंकू हाय का?"

आत आधी नमुना, मग संगणकावर नोंद. पांढऱ्या किटमधल्या बाईंनी अक्काला मास्क खाली करायला लावला आणि हातातली काडी तशीच धरून थांबल्या.

"हे काय आहे?"

"कवाड लागलं."

"कवाडाला हात असतात का तुमच्याकडं?" बाई म्हणाल्या. बाईंनी नाक हलक्या हाताने चाचपले. अक्काच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला. "नाकातून जमायचं नाही. घशातून घेते. आ करा. अजून मोठा." अक्काने आ केला तेव्हा जबडाही पुरता उघडत नाही असे दिसले. बाईंनी तिचा पदर थोडा सरकवला. गळ्यावर चार बोटे उमटलेली, पिवळी पडलेली. हे तिने मला सांगितले नव्हते!

मग माझी पाळी. माझ्या घशात काडी असताना पलीकडच्या टेबलावर अक्काची नोंद चालू होती. मी चिठ्ठीवर तिचे नाव, वय आणि माझा नंबर स्वच्छ अक्षरात लिहून दिला होता. टेबलावरच्या मुलाने चिठ्ठीकडे पाहिलेसुद्धा नाही. मान वर न करता विचारले, "मोबाईल नंबर?"

आणि अक्काने म्हणून दाखवला. दहाच्या दहा आकडे, एका श्वासात, पाढ्यासारखे.

दाजींचा नंबर.

मला ऐकू येत होते. घशात काडी होती, डोळ्यांतून पाणी येत होते. ओकारी थांबेपर्यंत त्याने पुढच्याला बोलावले होते. मी टेबलाशी गेले. म्हटले, नंबर चुकला आहे. त्याला ऐकू गेले नाही. पुन्हा म्हटले — खरोखर ओरडून म्हटले! "एंट्री गेली ताई. आता बदलत नाही. मेसेज त्याच नंबरवर जाईल, रिपोर्टची लिंकपण त्यातच." कागदावर मिळेल का? "सोमवारी या."

बाहेर आल्यावर अक्काला काय झाले ते कळेना. कळले तेव्हा ती शाळेच्या पायरीवर बसली आणि स्वतःच्या थोबाडीत मारू लागली. मी हात धरले.

"पाठ करून घेतला व्हता त्यांनी. लगीन झाल्या झाल्या. रेशनला, ग्यासला, बँकेत — ह्योच सांगायचा. एक आकडा चुकला की कानाखाली. रोज म्हणून घ्यायचे. मला दुसरा नंबर येतच नाय तनू. तुझाबी नाय येत."

कान असा गेला तर.


२० ऑगस्ट, शुक्रवार

दाजींना दिवसभर मेसेज येत असतात. मक्याचे भाव, कापसाचे भाव, बँकेचे, लॉटरीचे. त्यांत हा एक बुडून जावो. पण बुडाला तर आमच्याकडे रिपोर्ट नाही. आणि नाही बुडाला तर तो येईल.

माझा रिपोर्ट संध्याकाळी आला. निगेटिव्ह. माझा काय उपयोग!

आईने दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली आणि पिशवी माझ्या पुस्तकांमागे ठेवून गेली.


२२ ऑगस्ट, रविवार. बीदर

राखी पौर्णिमा. अक्का आत झोपली आहे. मावशीने दाराला आतून कडी घातली आहे. काल काय झाले ते लिहिते.

सकाळी अण्णा तिसऱ्या पाळीहून येऊन पलंगावर झोपले होते. आई चहासाठी आले कुटत होती. मी अक्काची वेणी घालत होते. मोटारसायकल दारापर्यंत आली, गल्लीत नेहमी लावतात तशी लावली नाही. दाजी हेल्मेट घालूनच आत आले. हातात फोन.

"सत्यभामाबाई, अभिनंदन. निगेटिव्ह हाय तुमची टेस्ट." फोन तिच्या नाकासमोर धरला. "कुठं निघाली सवारी? कोण हाय तिथं? कोणाचा हाय त्यो?"

अक्का म्हणाली, "कोनी नाय." इतकेच. त्याने हेल्मेट काढले आणि त्यानेच मारले. नाकावर. आधीच मोडलेल्या नाकावर! माझ्या हातात तिची अर्धी घातलेली वेणी होती. ती माझ्या हातातून ओढून घेतल्यासारखी गेली. अक्का पडल्यावर त्याने तिचे केस मुठीला गुंडाळले आणि दाराकडे ओढत नेले. उंबऱ्यावर तिचे डोके आपटले. त्याने पुन्हा आपटले, मुद्दाम. फरशीवर लांबच लांब रक्ताचा फराटा.

अण्णा उठून बसले होते. पलंगावरच. म्हणाले, "जावईबापू, दारात नको. शेजारी बघतेत."

दारात नको. आत चालेल.

तो तिला आत घेऊन आला! सासऱ्याचे ऐकले. दार लावले, तिच्या छातीवर गुडघा ठेवला आणि गळा धरला. बोटे अगदी त्या पिवळ्या खुणांवर बसली. अक्काच्या टाचा फरशीवर वाजत होत्या. आई त्याच्या पाठीवर मुठी मारत होती, त्याने कोपर मारले तशी ती चुलीच्या ओट्यावर गेली. मी उभी होते. मी ओरडत होते असे मला वाटत होते. नंतर आई म्हणाली, माझ्या तोंडून शब्दसुद्धा निघत नव्हता.

टाचा वाजायच्या थांबल्या.

खलबत्त्यातला बत्ता लोखंडी आहे, आजीच्या वेळचा. तो माझ्या हातात कसा आला ते मला नीट आठवते, आठवत नाही असे मी कुठे सांगणार नाही. मी चालत ओट्याशी गेले, तो उचलला, त्याला आल्याचे तंतू चिकटले होते. चालत परत आले. कानामागे मारला. आवाज ओल्या नारळाचा आला. तो मागे वळून माझ्याकडे पाहू लागला, चिडला नव्हता, फक्त आश्चर्य. म्हणून दुसऱ्यांदा मारला. मग तो अक्काच्या अंगावर पालथा झाला.

आईने आणि मी त्याला ओढून बाजूला केले. अक्का खोकली. जिवंत! तोही जिवंत होता, घोरल्यासारखा श्वास चालू होता, केसांतून रक्त गळत होते.

आई म्हणाली, "न्हे तिला. गाडी किती वाजता हाय?" तिला सगळे ठाऊक होते.

पण रिपोर्ट त्याच्या फोनमध्ये.

फोन पलंगाखाली गेला होता, काचेला तडा. कुलूप अंगठ्याचे. मी फरशीवर बसले, त्याचा उजवा हात मांडीवर घेतला, अंगठा दाबला. उघडेना. रक्ताने ओला होता. ओढणीने पुसला, नखाच्या कडासुद्धा पुसल्या, पुन्हा दाबला. त्याचा हात गरम होता आणि जड. उघडला. मेसेज सापडला, लिंक माझ्या फोनवर पाठवली, रिपोर्ट उतरवून घेतला. हे सगळे मी परीक्षेच्या शेवटच्या पाच मिनिटांत पाहते तसे दोनदा तपासून पाहिले. नाव बरोबर. तारीख बरोबर. गुरुवार सकाळ.

अण्णा तसेच बसून होते. मी दाराबाहेर पडताना म्हणाले, "तनुजा." बस, एवढेच.

अक्काचे तोंड धुतले, दोन मास्क लावले. मुकुंदवाडीहून रिक्षा. रिक्षावाला आरशात बघत होता. "दवाखाना?" म्हणाला. "स्टेशन," मी म्हणाले. एकदाच म्हणाले. ऐकू गेले.

डब्यात अक्का खिडकीला डोके टेकून होती. मास्क आतून लाल होत गेला. समोरच्या बाई परभणीला उतरून दुसऱ्या डब्यात गेल्या, कोरोना समजून. बरे झाले. उदगीर गेले. भालकीला अक्काने विचारले, "लागलं का कर्नाटक?" मी हो म्हटले. ती बराच वेळ बाहेर बघत होती. "वेगळं काय दिसत नाय," म्हणाली.

बीदरला फलाटावर टेबल टाकून दोघे बसलेले. "रिपोर्ट बताव जी. सैंपल कब का है?" मी फोन पुढे केला. त्याने बोटांवर तास मोजले. पुरले. मग अक्काकडे बघून त्याने मास्क खाली घ्यायची खूण केली, आधारवरचा चेहरा ताडून बघायला.

चेहरा कुठे उरला होता ताडायला!

"ये क्या हुआ?"

मी काहीतरी सांगणार होते. अक्काच बोलली, मराठीत, घोगऱ्या आवाजात. "नवऱ्यानं मारलं."

त्याला कळले. त्याने फोन माझ्या हातात परत दिला, पाण्याची बाटली अक्काच्या हातात दिली. "जाव अम्मा."


२३ ऑगस्ट

आईचा फोन. दाजी सरकारी दवाखान्यात. चौदा टाके, आज शुद्धीवर आले. अजून पोलिसांत कोणी गेलेले नाही. शेवटी म्हणाली, "तू येऊ नगंस." म्हणजे तिकडे आईला एकटीला उभे केले आहे. उद्या निघते. अक्का मावशीच्या मशिनीवर बसून सुई ओवत होती. डोळे सुजलेले, दोरा जाईना. मी ओवायला गेले तर हात झटकला. "माझं मी बघते. तू आईकडं जा."


२६ ऑगस्ट, गुरुवार

घरी बैठक झाली.

कडूबामामा, दाजींचे चुलते आणि आणखी तिघे. बायका आत. मी दाराआड. चहा झाला. पावसापाण्याचे, मक्यावरच्या अळीचे बोलून झाले. मग कडूबामामा म्हणाले —

"साहेबराव, हाफ मर्डरची केस हाय ही. पोरगी आत जाईल. शिक्षण, नोकरी, लगीन, सगळं बोंबललं. पर आपण सोयरे हावोत. आमाला कोर्टकचेरी करायची नाय. गोकुळ बी म्हणतो, झालं गेलं."

अण्णा म्हणाले, "तुमचे उपकार मामा."

"उपकार कशाचे? तुमची थोरली पळून गेली. घर बसलं आमचं. थोरलीची फारकत घेऊ, अन् धाकटी द्या. घरातली गोष्ट घरात मिटंल."

मी ऐकले. अगदी स्पष्ट ऐकले.

चुलते हसून म्हणाले, "शिकलेली हाय, आडतीचा हिशेब तरी लिहील. अन् हात बी चांगला चालतोय तिचा. गोकुळच करील त्याचं काय ते."

सगळे हसले. अण्णा म्हणाले, "दोन दिस द्या." नाही म्हणाले नाहीत. दोन दिवस द्या, म्हणाले.

पुरुष निघाले तेव्हा कडूबामामा दाराशी माझ्याकडे वळले. डोक्यावर हात ठेवला. "पोरी, मुक्यानं कर सगळं. तुझा गुन्हा झाकायलाच आलोत आम्ही."


२७ ऑगस्ट

अण्णा जेवताना म्हणाले, "जेलपेक्षा सासर बरं असतंय, तनुजा. इचार कर." आई ताटावरून उठली.

अक्काचा फोन आला. मी काही सांगितले नाही. तिने आज पहिला परकर शिवला. उलटा झाला, उसवून पुन्हा शिवला. माझा नंबर पाठ केला आहे, तो म्हणून दाखवला.

रात्रभर एकच विचार. त्यांच्या हातात आहे काय? एक गुन्हा. तो झाकलेला आहे तोवरच त्याची किंमत आहे.


२८ ऑगस्ट, शनिवार

बत्ता धुतला नव्हता. आईने तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. पिशवीत घेतला आहे. अण्णा दारात उभे आहेत, बाजूला होत नाहीत, होतील.

पोलीस ठाण्यात जाते आहे. मी मारले, असे सांगणार आहे. का मारले, तेही त्यांना लिहून घ्यावे लागेल. मोठ्याने सांगेन.